एस्तर अम्माचे मागणे चुकलेले नाही

अर्जदार: केशव राव, अर्जनवीस, तालुका कचेरीबाहेर, कुंभकोणम. शिक्षण आठवीपर्यंत, अनुभव त्याहून पुष्कळ.
ज्याच्यासंबंधी: सॅम्युअल ज्ञानराज, टंकलेखक, राहणार साक्कोट्टै. आता हयात नाही.
जिला इजा झाली ती: एस्तर अम्मा, वरील ज्ञानराज याची पत्नी.
ज्यांच्याविरुद्ध: बाहेरगावाहून आलेले एक उपदेशक. नाव मला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही, कारण हा कागद त्यांना बदनाम करण्यासाठी नसून परत बोलावण्यासाठी आहे.
घटना: दफनानंतरच्या रविवारची स्मरणसभा, आडी महिना (तमिळ आषाढ), भर दुपार.
साक्षीदार: मी स्वतः, माझी पत्नी सुगुणा, आणि साक्कोट्टैच्या चर्चचे पाळक, जे त्या वेळी मान खाली घालून बसले होते.

या पुरवणीच्या संपादकांनी मला मित्राची आठवण लिहून मागितली आहे. आठवण कशी लिहितात ते मला कोणी शिकवले नाही. अर्ज कसा लिहितात ते मात्र या तालुक्यात माझ्याइतके कोणाला येत नाही, आणि हे मी फुशारकीने सांगत नाही; काळा कोट घालणारेही आपल्या अशिलांना माझ्याकडे पाठवतात. तेव्हा मला जे येते त्या रीतीने लिहितो. आमच्या घरची मराठी तंजावरची आहे. महाराष्ट्रातले पाहुणे ती ऐकून हसतात आणि आमच्या पणजोबांची चौकशी करतात. इथे मी तुमच्या पुस्तकी वळणाने लिहिण्याची काळजी घेतली आहे. कुठे तमिळ डोकावले तर तो माझा दोष नाही, गावाचा आहे.

बातमी आली तेव्हा मी एका म्हाताऱ्याचे गाऱ्हाणे ऐकत होतो. फोनवर एस्तर अम्मा होती. "अण्णा, हे गेले," ती म्हणाली. मग तिने, आमच्याकडची रीत आहे म्हणून, की दुसरे काय बोलायचे ते सुचले नाही म्हणून, विचारले, "तुम्ही जेवलात का?" मी जेवलो नव्हतो, जेवलो म्हणून सांगितले. समोरच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि आपले कागद आवरून तो म्हणाला, "उद्या येतो, अय्या." उद्या तो आला नाही. बहुधा त्याला वाटले असावे, की ज्या जागी मरणाची बातमी आली तिथे अर्ज लिहिणे शुभ नाही...

ज्ञानराज आणि मी कचेरीबाहेर एकाच कडुनिंबाखाली बसत असू. मी सांगायचो, तो टाइप करायचा. रस्त्यापलीकडे संगणकाची दुकाने आली तरी जुनी माणसे त्याच्याचकडे येत, कारण अक्षर कागदावर उमटताना त्यांना ऐकू यायचे. साक्कोट्टैहून तो टाउन बसने यायचा. यंत्रावर मेणकापडाची एक खोळ असे. ती काढण्याआधी तो तिच्यावर दोन्ही हात ठेवायचा आणि आदल्या दिवशी ज्यांचे अर्ज गेले त्यांची नावे घ्यायचा. नाव, आणि त्या माणसाला काय हवे ते. स्तुती नाही, मोठे शब्द नाहीत. "दारासुरमचा शंकरन. घर गळतं त्याचं." एवढे म्हणून तो थांबायचा आणि गप्प बसायचा. त्या गप्प बसण्याला माझी हरकत होती, कारण तोवर माणसे येऊन उभी राहिलेली असत.

"तुझं सांगून झालं ना?" मी म्हणायचो. "मग काढ ती खोळ."

"माझं झालं, राव. त्याचं व्हायचंय."

सुरुवातीला मी त्याला कायद्याचा मुद्दा काढून अडवले होते. हा शंकरन कपाळभर विभूती लावणारा माणूस. त्याने तुला आपल्या वतीने तुझ्या देवाकडे बोलण्याचा अधिकार दिलेला नाही. वकीलपत्राशिवाय कोणाची बाजू मांडता येत नाही. ज्ञानराजने शांतपणे ऐकून घेतले. "त्याच्या घरात शिरायला पावसाने घेतलं का वकीलपत्र?" तो म्हणाला आणि खोळ काढली. माझ्याकडे याचे उत्तर होते, पण तोवर त्याने कागद चढवला होता, आणि यंत्र वाजू लागल्यावर त्याच्याशी वाद घालता येत नसे.

प्रार्थनेने काय होते, यावर आमचा वाद वर्षानुवर्षे चालला. एक प्रसंग सांगतो म्हणजे दोघांच्याही बाजू वाचकांना कळतील. सुंदरपेरुमाळ कोयिल या गावाहून पाप्पाम्मा नावाची एक बाई आली. तिच्या घराच्या वाटेवर शेजारच्या तंगवेलुने काट्यांचे कुंपण घातले होते. मी अर्ज सांगितला, ज्ञानराजने टाइप केला. हा टंकलेखक लोकांसाठी देवाकडे मागतो, असे तिला कोणीतरी सांगितले होते. ती म्हणाली, "अय्या, त्या तंगवेलुचंही नाव घ्या. पाय मोडू दे म्हणावं. एकच मोडला तरी चालेल." ज्ञानराजने डोळे मिटले आणि तिच्यासमोरच तंगवेलुचे नाव घेतले. त्याची प्रकृती बरी राहो म्हणाला, त्याला शांत झोप लागो म्हणाला.

पाप्पाम्मा खवळली. "मी रेल्वेने धक्के खात आले, ती त्या मेल्याला झोप लागावी म्हणून?"

"अम्मा, झोप लागत नाही म्हणूनच माणूस काटे रचत बसतो."

ती हसली नाही, पण पदराने तोंड पुसताना तिचा हात जरा जास्त वेळ तोंडावर राहिला. पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर ज्ञानराज आपण होऊन सुंदरपेरुमाळ कोयिलला गेला आणि तंगवेलुच्या ओसरीवर जाऊन बसला. काय बोलणे झाले ते त्याने मला सांगितले नाही. कुंपण हटले, पुरते नाही, गाय जाईल एवढे. माझे म्हणणे आजही असे आहे, की माझ्या अर्जावरून गावच्या अधिकाऱ्याने विचारणा केली, म्हणून ते हटले. ज्ञानराजने हे कधी नाकारले नाही. तो एवढेच म्हणाला, की ज्याच्यावर नुसती तक्रार केली त्याच्या दारावरून जाताना मान वळवावी लागते, आणि ज्याच्यासाठी मागितले त्याच्या ओसरीवर बसायला संकोच वाटत नाही. तो प्रार्थना करायचा आणि मग चपला घालायचा. या दोन गोष्टींच्या मध्ये त्याने कधी तिसरे काही येऊ दिले नाही.

मग त्याची मूत्रपिंडे बिघडली. आधी तो उशिरा येऊ लागला, मग दिवसाआड, मग यंत्रावरची खोळ तशीच राहू लागली. एका रविवारी मी साक्कोट्टैला त्याच्या घरी गेलो. बरोबर एक मसुदा नेला होता. तो त्याच्या देवाला उद्देशून होता. माझ्या हातून याहून चांगला मसुदा झालेला नाही. सदर ज्ञानराज याने उपासनेस कधी दांडी मारली नाही. गायनवृंदात त्याने विनामोबदला सेवा केली. सर्व जातिधर्मांच्या लोकांसाठी त्याने विनंत्या केल्या, आणि त्यातल्या बऱ्याच मंजूर झाल्या, हा पूर्वदाखला. सबब त्याच्या स्वतःच्या प्रकरणाचा सहानुभूतीने विचार व्हावा. मी तो उभा राहून वाचला. एस्तर अम्मा स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकत होती.

"अण्णा, हा तर पेन्शनचा अर्ज झाला," ती म्हणाली.

ज्ञानराज हसला, आणि हसताना त्याला धाप लागली. "राव, मुद्दे पक्के आहेत. काढून टाक."

"कोणता काढू?"

"सगळे. तो मला ओळखतो. ओळखीच्या माणसाच्या दारात उभं राहून कोणी आपलं नाव, गाव, नोकरी सांगतं का?"

मी म्हणालो की मग कागदावर काहीच उरत नाही. तो म्हणाला, "उरतं ना. मला भीती वाटते, हे उरतं. तेवढंच ठेव." एस्तर अम्मा दारातून आत वळली. भांड्यांचा आवाज झाला नाही, म्हणजे ती आत नुसती उभी होती.

मला तेव्हा त्याचे पटले नाही आणि अर्धे अजूनही पटलेले नाही. कारण दाखवल्याशिवाय मागणे हे माझ्या पेशाला धरून नाही. पण त्यानंतर तो जे मागायचा ते मी ऐकले आहे, आणि ज्यांना प्रार्थना परिणामकारक कशी करावी याची भाषणे द्यायची असतात त्यांनी ते ऐकायला हवे होते. तो बरे वाटत नसताना बरे वाटते म्हणत नसे. रागावलेला असला की राग सांगे. एकदा तर मी बसलो असताना म्हणाला, "आज तुझ्याशी बोलायची इच्छा नाही," आणि मला वाटले मलाच म्हणाला. मी उठायला लागलो तेव्हा त्याने हाताने बस म्हणून खुणावले.

शेवटची भेट रुग्णालयात झाली. जास्त बोलू नका असे परिचारिकेने बजावले होते. ज्ञानराज म्हणाला, "राव, आज तू कर प्रार्थना."

"मला तुमची येत नाही."

"तुझी कर. घरी बोलता त्या भाषेत. तमिळ ऐकून ऐकून तोही कंटाळला असेल."

मी आजूबाजूला पाहिले. मग आमच्या घरच्या मराठीत म्हणालो, "देवा, हा ज्ञानराज अहे. ह्याला बघून घे." बघून घे म्हणजे आमच्याकडे सांभाळ. मी, जो तीन पाने न थांबता सांगू शकतो, तिथे थांबलो. त्याला भाषा कळत नव्हती, पण आपले नाव कळले. त्याने मान हलवली, एखादा कागद तपासून ठीक आहे म्हणावे तशी... त्यानंतर मी त्याला जिवंत पाहिले नाही.

आता मूळ तक्रारीकडे येतो. स्मरणसभेला चर्च भरले होते. पाळकांनी मान म्हणून या पाहुण्या उपदेशकांना बोलायला सांगितले. त्यांचा आवाज चांगला आहे, हे मान्य करतो. त्यांनी परिणामकारक प्रार्थनेच्या अटी सांगितल्या: शंका नको, खंड नको, मागणे नेमके हवे, घरातल्या सर्वांचे एकमत हवे. अटी सांगून झाल्यावर ते थांबले, पहिल्या बाकाकडे पाहिले आणि म्हणाले, की जिथे उत्तर आले नाही तिथे देवाकडे बोट दाखवू नका, घर तपासा. मागण्यात कुठे चूक झाली, कोणाचा विश्वास लटपटला, ते घराने शोधावे. पहिल्या बाकावर एस्तर अम्मा बसली होती. तिच्या शेजारी सुगुणा होती. सुगुणाने पुढे मला सांगितले, की त्या क्षणी एस्तर अम्माचा हात तिच्या हातातून निसटला.

काही दिवसांनी, दुपारी, सुगुणा मला उठवायला आली. "एस्तर आली अहे. बाहेरच उभी अहे. आत येवा म्हटलं तर येईना."

मी बाहेर गेलो. ती उन्हात उभी होती. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"अण्णा, तुम्हाला अर्जातलं कळतं. एक विचारते, खरं सांगा." मग तिने सांगितले. शेवटच्या दिवशी ती एकटीच त्याच्याजवळ होती. तोवर ती रोज एकच मागत होती, ह्यांना बरं कर. त्या सकाळी त्याचे कण्हणे ऐकवेना, तेव्हा तिच्या तोंडून निघाले, ह्यांचं दुखणं थांबव. आणि दुपारी ते थांबले.

"मागणं चुकीचं गेलं तर हातात भलतंच येतं, असं तुम्ही दोघांनी मला कितीदा सांगितलंत. ती बाई घरकुल मागायला गेली आणि तिला शौचालय मिळालं, ते सांगून हे जेवताना हसायचे. माझंही तसंच झालं का, अण्णा? मी बरं कर म्हणत राहिले असते तर..."

वाचकहो, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देण्याबद्दल मी या तालुक्यात प्रसिद्ध आहे. त्या दिवशी मी उत्तर न देता उलट प्रश्न विचारले. अर्जनवीसाच्या शेजारी आणि टंकलेखकाच्या घरात आयुष्य काढलेल्या बाईलाच असा संशय येऊ शकतो, हे मला कळत होते. चुकलेल्या मागण्यांच्या ज्या गोष्टी आम्ही दोघांनी कौतुकाने सांगितल्या, त्याच ती आता स्वतःवर चालवत होती. आणि त्या माणसाने भर सभेत त्यावर शिक्का मारला होता.

मी विचारले, "तुम्ही ते मागितलं तेव्हा तो शुद्धीवर होता?"

"होते."

"ऐकलं त्याने?"

"माझा हात दाबला. ओठ हलले. आमेन म्हणाले असावेत. आवाज नव्हता."

"म्हणजे म्हणाला."

"ओठ तसे हलले, अण्णा."

"मग तो अर्ज तुमच्या एकटीचा नाही, अम्मा. त्यावर ज्याचं प्रकरण त्याची सही आहे. त्याने आयुष्यभर कागद तपासून मगच पुढे दिला. चुकीचं मागणं त्याने पुढे जाऊ दिलं असतं का?"

ती खुर्चीवर बसली. सुगुणाने ताक आणून दिले. ते तिने प्यायले, पण पिण्याआधी ती नेहमी डोळे मिटायची तसे मिटले नाहीत. सुगुणाच्या आणि माझ्या, दोघांच्याही ते लक्षात आले. जाताना ती म्हणाली, "तुम्ही म्हणता ते डोक्याला पटतं. पण तोंड उघडत नाही. आता काही मागायचं म्हटलं की भीती वाटते, हेही चुकेल, आणि अजून कोणीतरी जाईल." तिची मुलगी चेन्नईत गरोदर आहे. तिच्यासाठी मागायची एस्तर अम्माला हिंमत होत नाही. ज्ञानराज जाऊन तिचे घर अर्धे झाले. त्या भाषणाने उरलेल्या अर्ध्यातले बोलणे बंद झाले.

उपदेशक महाशय, आता मी थेट तुम्हाला लिहितो. मी तुमच्या धर्माचा नाही. पण माझा मित्र होता, आणि त्याच्या शेजारी बसून मी तुमचे शास्त्र तुम्हाला वाटते त्याहून जास्त ऐकले आहे. ज्याला तुम्ही देवाचा पुत्र मानता, त्याने अटक होण्याआधी बागेत गुडघे टेकून आपल्यावरचे संकट टळावे असे मागितले होते. ते टळले नाही. त्याच्या मागण्यात कोणती अट राहून गेली होती? त्याच्या घरात कोणाचा विश्वास लटपटला होता? त्याच्या आईला पहिल्या बाकावर बसवून तुम्ही हेच सांगितले असते का? हे प्रश्न मी रागाने विचारतो आहे. राग लपवून मागू नये, हे मी ज्ञानराजकडून शिकलो, आणि त्याच्या फारशा गोष्टी मी मान्य केलेल्या नाहीत.

परिणामकारक प्रार्थना कशी असते ते मी पाहिले आहे. ती गाय जाईल एवढी वाट मोकळी करते. ती ज्याचा पाय मोडावा त्याची झोप मागते. ती म्हणते, मला भीती वाटते. ती मरणाऱ्या नवऱ्याच्या उशाशी बसून म्हणते, दुखणे थांबव, आणि नवरा म्हणतो, आमेन. त्याहून अधिक परिणाम कोणाला हवा असेल तर त्याने तो आपल्या खात्यावर मागावा, एका विधवेच्या खात्यावर नाही.

येत्या रविवारी एस्तर अम्मा चर्चला येणार आहे. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही येणार असाल तर येते. प्रार्थना करीन असं सांगत नाही." मी येणार आहे. ती बसेल त्या बाकावर तिच्या शेजारी बसणार आहे, आणि हा अर्ज निकाली निघेपर्यंत दर रविवारी बसणार आहे. पाळकांना हे कळवले आहे. ते म्हणाले, "राव, वाद नको." मी म्हणालो की वाद मी करणार नाही, नुसता बसेन. मी चर्चच्या मंडळीचा सदस्य नसल्यामुळे मला मंडळीतून काढता येत नाही, हा मुद्दाही त्यांच्या ध्यानात आणून दिला.

सबब विनंती अशी, की सदर उपदेशकांनी साक्कोट्टैला पुन्हा यावे. सभा भरवू नये, ध्वनिक्षेपक आणू नये. एस्तर अम्माच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून, तिचे मागणे बरोबर होते असे तिला सांगावे. आणि सांगता येत नसेल तर गप्प बसावे, पण तिथे बसावे. मी जन्मभर लोकांसाठी लेखी उत्तर मागत आलो आहे. या एका अर्जाचे उत्तर मला लेखी नको आहे. ते तिच्या कानांवर पडले पाहिजे, आणि ते ऐकल्यावर तिने आपल्या मुलीचे नाव घेतलेले मला ऐकायचे आहे.

कळावे,
केशव राव, अर्जनवीस